तुराटीची काडी आन दिल्लीचा कायदा

उमरीच्या टेसनापासून रुळाच्या कडंकडंनं धर्माबादच्या अंगाला चालत गेलं की एक लिंबाचं झाड लागतं. झाडाखाली पत्र्याचं घर. ते घर दयानंदचं. दयानंद आता न्हाई, पण घराला नाव त्याचंच, आन घरात राहती ती त्याची बायको केवळाबाई. आता ‘त्याची बायको’ हे तोंडातून सहज निघून जातं. पण ह्या दोन शब्दांपायी त्या बाईनं किती उंबरे झिजवले, ते ऐकलं तर मनशील, ह्यापरीस एखादं डोंगर फोडायचं काम बरं व्हतं.

दयानंद रेल्वेत गँगमन. सकाळच्या पारी खांद्यावर हातोडा आन बगलंत झेंडी घेऊन निघायचा, रूळ बघत बघत जायचा. रूळ धरून ठेवणारी चावी सैल झाली की ठोकायचा. पॅसेंजर आली की बाजूला सरकून झेंडी धरून उभा राहायचा. रिटायर व्हायला थोडंच राहिलं व्हतं, तवा तापाचं निमित्त झालं. उमरीच्या दवाखान्यातून नांदेडला नेलं, नांदेडहून मयतच घरी आणला. केवळाबाईनं लिंबाखाली बसून बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. लेक तनुजा लातूरहून आली, गळ्यात पडून रडली, तेराव्यापर्यंत राहिली आन गेली. घर सुनं पडलं.

रेल्वेची अशी रीत हाय, की नोकरीत असताना माणूस गेला तर बायकोला पेन्शन बसती. कागदावर बायको म्हणून केवळाबाईचंच नाव व्हतं. तिकडून एक साहेब चौकशीला येणार, घर बघणार, शेजाऱ्यापाजाऱ्याला इचारणार आन सही करून जाणार. एवढंच. सगळ्या गँगमनच्या बायकांचं असंच व्हतं.

साहेब आला. भला माणूस. बूट बाहेर काढून आत आला, चटईवर बसला. केवळाबाईनं चुरमुऱ्याचा सुशीला केला, वरून शेंगदाणे अन कोथिंबीर टाकली. शेजारची पार्वतम्मा बी येऊन दाराशी बसली. ही पार्वतम्मा तिकडची, बासरच्या अंगाची, अर्धी तेलगू बोलायची, अर्धी आपली.

साहेबानं पहिला घास खाल्ला आन इचारलं, “लग्न कुठं झालं तुमचं, बाई?”

बस. ‘उमरीत’ मनली असती तर साहेब दुसरा घास खाऊन सही करून उठला असता. पण केवळाबाईच्या मनात आलं, साहेब दूरचा माणूस, पाटाची, दुसऱ्या लग्नाची बायको म्हणल्यावर कोणी त्याच्या कानात काही बी भरवंल. आपण कामून लपवावं? आपलं तर सगळं चार माणसात झालंय. म्हणून ती पदर नीट करून मनली, “साहेब, मी काही पळून-बिळून आलेली बाई न्हाई. जळकोटच्या अंगाला माझं पहिलं घर व्हतं. तिथं पंचापुढं रीतीनं काडी मोडली, मंग रीतीनं यांच्यासंगं पाट लागला. कुणाला बी इचारा.”

साहेबाचा घास तसाच हातात राहिला. “पहिले यजमान वारले का?”

“वारत्यात कुठं. हायेत की चांगले ठणठणीत. त्यांनी बी दुसरी केली.”

“आन काडीमोड कोर्टातून झाली?”

“कोर्ट कशाला लागतंय साहेब? पाच पंच व्हते. रामलिंगआप्पानं सोता काडी मोडली.”

साहेबानं घास खाली ठेवून हात पुसला. मंग मनला, “बाई, तुम्ही खरं सांगितलंत. आता मला बी खरंच लिव्हावं लागंल.” सुशीला तसाच ताटलीत ठेवून तो गेला.

तो गेल्यावर पार्वतम्मा मनली, “अय्यो केवळक्का, त्यानं इचारलं गावाचं नाव, तू तर आडाचा तळ दाखवलास.”

“खरं बोलायला भ्यायचं काय?”

“भिऊ नको. पण इचारल्याशिवाय कशाला वाटतीस? खरं काय परसाद हाय का?”

थोड्या दिवसानं रेल्वेचा कागद आला. पोस्टमननंच वाचून दाखवला. पहिल्या लग्नाची कोर्टाची फारकत आणा, न्हाई तर दयानंदची कायदेशीर बायको तुम्हीच, असा कोर्टाचा हुकूम आणा. तवर पेन्शन थांबली.

तनुजा फोनवर चिडली. “माय, तुला बोलायची काय गरज व्हती?”

“मी चोरी केली का ग?”

“चोरी न्हाई केली म्हणूनच मनून राहिले. चोर असं बोलत न्हाईत.”

मंग लेकीनंच नांदेडची एक वकीलबाई शोधून दिली. बुद्धप्रिया नाव. वयानं लहान, पण डोळ्यात माया. कोर्टाच्या समोरच्या गल्लीत जिन्यावर तिची खोली. केवळाबाईनं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

केवळा सोळा वर्षांची असताना जळकोटजवळच्या गावात व्यंकटला दिली. व्यंकट वाईट न्हाई. दारू न्हाई, हात उचलणं न्हाई. पण दोघांचं जमलंच न्हाई. एका घरात दोन पाहुणे बसल्यावानी, दोघं बी एकामेकाला ‘जेवा की’ मनायचे आन कुणीच जेवायचं न्हाई. चार सालं अशी गेली. लेकरू न्हाई. शेवटी दोन्हीकडच्या माणसांनी मनलं, उगी दोन जीव कशाला कुढवायचे. भावकीत तशी रीत व्हतीच. मारुतीच्या पारावर पाच पंच बसले. रामलिंगआप्पानं तुराटीची, तुरीच्या वाळल्या झाडाची, एक काडी घेतली. एक टोक व्यंकटच्या हातात, एक केवळाच्या. दोघांना इचारलं, “राजीखुशीनं?” दोघं बी मनले, “राजीखुशीनं.” आप्पानं मधून काडी मोडली. दोघांनी आपापलं टोक पाठीमागं टाकलं आन वळून न बघता घरी गेले. पानसुपारी झाली. सालभरानं व्यंकटनं सिंधु केली. केवळाचा पाट दयानंदसंगं लागला. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेलेली. तनुजा झाली. जनमभर संसार झाला.

वकीलबाईनं सगळं ऐकून घेतलं. “कागद काही झाला होता का, मावशी?”

“काडीचा कागद कसा करतेत बाई?”

वकीलबाई हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. मनली, “लग्नाचा कायदा दिल्लीचा आहे. तो म्हणतो, फारकत कोर्टानं द्यायची. पण त्याच कायद्यात कोपऱ्यात एक ओळ आहे. ज्यांच्यात आधीपासून फारकतीचा रिवाज आहे, त्यांचा रिवाज चालतो. म्हणजे तुमची काडी चालते.”

केवळाबाईचा जीव भांड्यात पडला. “मंग झालंच की.”

“झालं नाही. रिवाज आहे हे शाबीत करावं लागतं. जुना आहे, सगळे पाळतात, आजही पाळतात, असं. हे कायद्यात लिहिलेलं नाही, हे वरच्या कोर्टांनी मागं निकाल देऊन देऊन ठरवलंय. त्यांचा निकालही कायद्यासारखाच लागतो.”

“आन रेल्वे?”

“रेल्वे दिल्लीची. पेन्शनचा नियम त्यांचा वेगळा. ते लग्नाच्या कायद्याकडं बोट दाखवतात, लग्नाचा कायदा रिवाजाकडं बोट दाखवतो.”

“आन रिवाज कुणाकडं बोट दाखवतो?”

“तुमच्या पंचाकडं.”

केवळाबाईनं रेल्वे, दिल्ली, पंच अशी तीन बोटं मोजली. मंग मनली, “बाई, मला वाटायचं कायदा म्हंजे एक असतोय, जसा देवळातला देव. हे तर आडावानी झालं. वरून बघितलं तर पाणी एकच, आत उतरलं तर एक झरा हिकडून, एक तिकडून. आन तहानलेल्यानं मनावं कुणाला?”

“सगळे झरे एकाच आडात आहेत मावशी, हे मात्र खरं. ते घटनेनं ठरवलंय. काय दिल्लीनं करायचं, काय मुंबईनं, काय दोघांनी.”

“भांडायचं कुणी ते नाही ठरवलं?”

“ते तुम्ही-मी.”

वकीलबाईनं दावा लिव्हला. केवळाबाईनं अंगठा टेकवायच्या आधी इचारलं, “हे कुणावर हाय?”

“भारत सरकारवर.”

“अख्ख्या?”

“अख्ख्या. रेल्वे त्यांचीच ना.”

“आग माय. त्या सरकारला माझी तक्रार मालूम तरी हाय का?” असं मनून तिनं अंगठा टेकवला. वर नाव लिव्हलं व्हतं, केवळाबाई भ्रतार दयानंद. ते तिनं वकीलबाईकडून दोनदा वाचून घेतलं.

आता साक्षीदार हुडकायचे. पाचातले तिघं कधीचेच मातीआड गेले व्हते. एक खाटंवर, त्याला लेकीचं नाव बी आठवंना. उरला रामलिंगआप्पा, ज्यानं काडी मोडली तो.

केवळाबाई एष्टीनं जळकोटला गेली. तिथून जीपगाडीनं गावात. किती वर्षांनी पाय ठेवला. पार तोच, मारुतीला नवीन रंग दिलेला. आप्पा घराच्या ओट्यावर बसलेला, डोळ्याला मोठा चष्मा. तिला बघून वळखलं.

“केवळे? किती वाळलीस ग.”

“आप्पा, दयानंद गेला.”

“कानावर आलं. भला माणूस व्हता. पाटाच्या वक्ताला तुझ्या बापानं त्याला इचारलं, पोरीला नीट ठेवशील का, तर मनला, मी रूळ नीट ठेवतो, बाई कामून न्हाई ठेवणार.” आप्पा हसला, ती बी हसली. सुनेनं पाणी दिलं, चहा दिला. मंग तिनं कामाचं काढलं. कोर्टात येऊन एवढंच सांगायचं, की काडी मी मोडली, आमच्यात तशी रीत हाय.

आप्पानं चहाचा कप खाली ठेवला.

“पोरी, ते काही माझ्याच्यानं व्हणार न्हाई.”

“कामून आप्पा?”

“कामून म्हंजे? मुंबईनं कायदा केला न, पंच बसवायचा न्हाई म्हणून. इथून चार कोसावर एका गावात पंचानं एक घर वाळीत टाकलं, तर फौजदार गाडी घेऊन आला. म्हाताऱ्याला, माझ्याच वयाच्या माणसाला, बखोटं धरून नेला. त्या दिवसापासून पारावर कुणी दोघं बसले तर तिसरा उठून जातो.”

“पण तुमी कुणाला वाळीत टाकलं न्हाई. वकीलबाईला इचारलं मी. ती मनली, तो कायदा वाळीत टाकणाराला हाय. तुमचं लई जुनं हाय, तवा तो कायदा जन्माला बी आला नव्हता.”

“वकीलबाईला मालूम. फौजदाराला कोण सांगावं? मी कोर्टात उभा राहून मनायचं, हाव, मी पंच, आमच्यात पंच बसतो, आज बी बसतो. तुला तर हेच मनून घ्यायचंय न, की आज बी रीत चालू हाय? आन हेच मनलं की माझी मान तिकडं.”

दिल्लीचा कायदा मनत व्हता, रीत जिती हाय हे दाखव. मुंबईचा कायदा ऐकून रीत घरात लपून बसली व्हती. आन ज्याला दोन्ही मालूम तो माणूस ओट्यावरून उतरायला तयार नव्हता.

“माझा नातू मास्तर हाय सरकारी शाळंत,” आप्पा मनला. “उद्या कुणी अर्ज केला, याचा आज्जा जातपंचायत चालवतो, तर? तुझी काडी मी मोडली, हे मारुतीपुढं हात ठेवून सांगतो. कोर्टापुढं न्हाई.”

“मारुती पेन्शन देत न्हाई आप्पा.”

आप्पानं चष्मा काढून पुसला आन परत घातला.

तिथून ती व्यंकटच्या घरी गेली. जायचं मनात नव्हतं. पण काडीचं दुसरं टोक त्याच्याच हातात व्हतं. व्यंकट अंगणात दोरखंड वळत बसला व्हता. केस पांढरे, पाठ वाकलेली. तिला बघून उठला, सदरा घातला, आन घरात हाक दिली, “पाहुण्या आल्या.”

सिंधु बाहेर आली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची. हिला केवळाबाईनं कधी बघितलं नव्हतं. सिंधुनं तिला पाट दिला, पाय धुवायला पाणी दिलं. सगळं ऐकून व्यंकट मनला, “खरं तेच सांगायचंय न. येतो मी. राजीखुशीनं मोडली, त्यात काय लपवायचं.”

सिंधु मनली, “तुमी जरा बैलाला पाणी पाजून या.”

“पाजलं की मघाशीच.”

“परत पाजा.”

व्यंकट गेला. सिंधु केवळाबाईच्या समोर उकिडवी बसली. आवाज चढवला न्हाई. मनली, “अक्का, मी अडाणी हाय, पण माझा भाऊ उदगीरच्या कोर्टात टायपिंग करतो. त्यानं मला सांगितलं. ह्यांनी कोर्टात उभं राहून मनायचं, की पहिलीची काडी मोडली आन मंग सिंधु केली. आन कोर्टानं काडी मानली न्हाई तर? मंग पहिली बायको तुमी. मी कोण?”

“कोर्ट मानंल, सिंधुबाई. त्याच्यासाठीच तर जाऊन राहिले.”

“मानलं तर तुमचं बी निभलं, माझं बी निभलं. न मानलं तर दोघी बी गेलो. आता कुणी काही इचारलेलं न्हाई, तवर मी हाय. माझी लेकरं हायेत, सातबाऱ्यावर पुढं नाव लागायचं हाय. दोन बायका केल्या म्हणून ह्यांना बी जेल हाय मनतो भाऊ.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “अक्का, तुमचं गेलंय. माझं अजून हाय. मला मोडू नका.”

केवळाबाईनं तिच्याकडं बघितलं. राग यावा मनलं तर येईना. हिच्या जागी आपण असतो तर आपण बी बैलाला दोनदा पाणी पाजायला लावलं असतं. सिंधुनं जाताना तिच्या पिशवीत चार वांगे टाकले, आन सवयीनं कुंकवाचा करंडा उचलला. मंग कपाळ बघून तसाच खाली ठेवला.

नांदेडला येऊन तिनं वकीलबाईला सगळं सांगितलं. मनली, “एक करा बाई. आता काढा कोर्टातून फारकत व्यंकटची. तो नकार देणार न्हाई.”

“काढता येईल. पण कोर्टाची फारकत आजपासून लागते, मावशी. मागं जात नाही. म्हणजे दयानंदकाका होते तोवर तुम्ही व्यंकटची बायको, असं आपणच लिहून दिल्यासारखं होईल.”

“आन तनुजा?”

“तनुजाची काळजी नको. लग्न टिकलं नाही तरी लेकरू बापाचंच, असं त्या कायद्यात लिहिलंय. काकांच्या घरावर तिचा हक्क राहतो. पेन्शन मात्र तिला नाही, तिचं लग्न झालंय, वय झालंय.”

केवळाबाईनं ते पुन्हा एकदा सोताशीच मनून बघितलं. “लेक त्यांची.”

“हो.”

“आन त्या लेकीची माय त्यांची न्हाई.”

वकीलबाई कागद सारखे करत बसली.

संक्रांतीला पार्वतम्मानं गल्लीतल्या बायकांना हळदी-कुंकवाला बोलावलं. केवळाबाई आपली मागच्या दारी तीळ निवडत बसली. तिला कोण बोलावणार? रीत तशी हाय. बायका गेल्यावर पार्वतम्मा तिळगूळ घेऊन आली आन शेजारी बसली.

“काय मनली ग तुझी वकीलबाई?”

“मनली, काडी शाबीत न्हाई झाली तर मी अजून व्यंकटचीच बायको.”

पार्वतम्मानं डोळे मोठे केले. “म्हंजे नवरा जिता? म्हंजे तू सवाशीण? अय्यो, मंग उठ की, कुंकू लावून देते, वाण घे.”

दोघी बी हसल्या. लई हसल्या, पोटाला हात लावून. हसता हसता केवळाबाईचं तोंड वाकडं झालं आन ती रडायला लागली. ज्या रीतीनं तिचं कुंकू पुसलं, ती रीत गावाला मान्य, कोर्टाला न्हाई. कोर्टाच्या हिशोबानं कुंकू राहिलं, ते तिच्या कपाळाला मान्य न्हाई. पार्वतम्मानं तिचं डोकं खांद्यावर घेतलं. मनली, “गप ग. मी माझ्या तोंडाला कुलूपच लावायला पायजे व्हतं.”

तारखा पडत गेल्या. केवळाबाई सकाळच्या गाडीनं नांदेडला जायची, कोर्टाच्या आवारातल्या झाडाखाली भाकरी खायची, पुकारा झाला की आत जायची. दयानंदसंगं काम केलेले दोघं गँगमन आले. त्यांनी सांगितलं, हीच बाई त्यांच्यासंगं राहत व्हती, हिलाच आमी वहिनी मनतो. रेल्वेच्या वकिलानं एवढंच इचारलं, “काडी मोडताना तुम्ही होता का?” न्हाई मनले. कुठून असतील.

मंग केवळाबाईची बारी आली. जज बाई व्हत्या, चांगल्या बोलायच्या. मनल्या, “बाई, तुमच्या समाजात अशी फारकत आणखी कोणाची झाली, सांगता येईल?”

केवळाबाईला वाटलं, ह्यात काय अवघड. हुरूपानं सांगायला लागली. माझ्या चुलतीची झाली. मावसबहिणीची झाली. आमच्या गल्लीतल्या दोघींची. एकेकीचं गाव सांगितलं.

“यातलं कोणी साक्षीला येईल?”

तवा तिच्या ध्यानात आलं. चुलतीला सुना-नातवंडं. मावसबहिणीचा दुसरा नवरा शाळंत शिपाई. ज्या ज्या बाईनं काडी मोडून दुसरं घर केलं, ती ती सिंधुच व्हती. जिचं निभलं, ती कोर्टात येत न्हाई. जिचं मोडलं, तिच्यासाठी कुणी येत न्हाई. आन आपण आत्ता भर कोर्टात त्यांची नावं घेतली. साहेबापुढं जे केलं तेच परत केलं.

ती मनली, “बाई, त्यांना नका बोलवू. त्यांची नावं खोडा.”

“मग कोर्टानं रिवाज आहे हे कशावरून समजायचं?”

“माझ्यावरून समजा.”

जजबाईंनी पेन खाली ठेवला. मनल्या, “मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण एका माणसाच्या सांगण्यावर रिवाज ठरत नाही. हे मी ठरवलेलं नाही, वरून ठरलेलं आहे, मलाही ते पाळावं लागतं.”

निकालाच्या दिवशी केवळाबाई लवकरच आली. आवारात शिरली तर झाडाखाली, ती रोज बसायची तिथंच, रामलिंगआप्पा बसलेला. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, हातात काठी. कुणाकडून तारीख कळली कोण जाणं, पहाटंच्या एष्टीनं आला असणार.

तिचा जीव हरखला. “आप्पा, तुमी आलात?”

आप्पानं नजर दुसरीकडं वळवली. “दवाखान्यात आल्तो. डोळे दाखवायला. मनलं, बसावं जरा.”

दवाखाना तिथून लांब. दोघांना बी मालूम. केवळाबाईनं पिशवीतली पाण्याची बाटली त्याला दिली. त्यानं दोन घोट पिले. वकीलबाई धावत आली, केवळाबाईनं तिला आप्पाचं नाव सांगितलं. खाली वाकून मनली, “आजोबा, साक्षी संपल्या आहेत खऱ्या, पण मी आत्ताच्या आत्ता अर्ज देते. जजबाई ऐकतील. तुम्ही फक्त आत चला.”

आप्पानं काठी घट्ट धरली. उठायला गेला. गुडघ्यावर भार दिला, अर्धा उठला. तेवढ्यात फाटकातून पोलिसाची गाडी आली. ती कुणा दुसऱ्याच आरोपीला घेऊन आलेली. दोन शिपाई उतरले, हसत खिदळत चहाच्या गाड्याकडं गेले. आप्पा परत खाली बसला.

केवळाबाईनं वकीलबाईच्या हाताला धरलं. “ऱ्हाऊ द्या बाई. म्हातारं माणूस हाय.”

आतून पुकारा झाला. ती गेली. निकाल लांबडा व्हता, तिला त्यातलं थोडंच कळलं. रिवाज शाबीत झाला न्हाई. पहिलं लग्न मोडलं, हे शाबीत झालं न्हाई. दावा खारीज. वकीलबाई तिच्या कानात मनली, वर अपील करू, संभाजीनगरला मोठं कोर्ट आहे. केवळाबाईनं मान हलवली. हाव मनून हलवली का न्हाई मनून, ते तिला बी मालूम नव्हतं.

बाहेर आली तर आप्पा तसाच बसलेला. तिला बघून त्यानं इचारलं, “काय झालं?”

“न्हाई मानलं.”

आप्पानं उजवा हात पुढं केला. मंग मनला, “मी मोडली व्हती ग, केवळे. ह्या हातानं.”

“ठावं हाय आप्पा.” तिनं त्याच्या काखंत हात घालून त्याला उठवलं, काठी हातात दिली, धोतराला लागलेली माती झटकली. “चला. जळकोटची एष्टी जाईल.”